पार्किंगचं पाणी ओढ्यात जाण्याआधी: कामाच्या नोंदी

८ फेब्रुवारी

बरेच दिवस पाऊस नाही, त्यामुळे ओढ्याकाठच्या पाहणीला हीच वेळ योग्य. पावसाळी गटारांचे पाइप ओढ्यात जिथे उघडतात ती तोंडं आत्ता कोरडी असायला हवीत. वरची दोन ठणठणीत कोरडी निघाली. एकात तर कोळ्याचं जाळं शाबूत होतं. तिसऱ्यातून मात्र करंगळीएवढी धार चालू होती. पाणी दिसायला जवळपास नितळ, पण खालच्या दगडांवर करडा बुळबुळीत थर आणि वास साबणाचा. वर कुठेतरी कुणाची मोरी किंवा धुण्याची जागा सांडपाण्याच्या वाहिनीऐवजी पावसाळी गटाराला जोडलेली आहे. वाहिन्यांची देखभाल ज्यांच्याकडे आहे त्यांना जागा आणि फोटो लेखी कळवले.

रस्त्यावरच्या जाळीत जे पडतं ते पुढे कुठेतरी शुद्ध होतं, असा बहुतेकांचा समज असतो. जिथे सांडपाण्याची आणि पावसाळी पाण्याची वाहिनी वेगळी आहे तिथे पावसाळी गटार थेट ओढ्याला मिळतं, मध्ये कसलीही प्रक्रिया नसते. रस्त्यावरची प्रत्येक जाळी ओढ्याचाच काठ आहे, असं धरून मी हे काम आखते आहे: पार्किंगवरचं पावसाचं पाणी जाळीत जाण्याआधी कडेच्या खोलगट बागेत वळवायचं आणि तिथल्या मातीतून गाळून मुरवायचं.

१५ फेब्रुवारी

पाणलोटाचा नकाशा घातला. कागदावरचे उतार आणि प्रत्यक्ष उतार सहसा जुळत नाहीत, म्हणून पारदर्शक नळीत पाणी भरून पार्किंगच्या कडेकडेने पातळ्या घेतल्या आणि पाणी कुठून कुठे वळतं ते खडूने डांबरावरच आखलं. जवळपास सगळं पाणी खालच्या कोपऱ्यातल्या एकाच जाळीकडे येतं. सोयीची गोष्ट आहे, कारण अडवायचं ठिकाण एकच.

क्षेत्र ९०० चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी, इतका सरळ हिशेब आहे. २५ मिलिमीटर पाऊस झाला तर या डांबरावर २२,५०० लिटर पाणी पडेल. थोडं खड्ड्यांत साचतं, थोडं उडून जातं. डांबरासाठी वाहाव्याचा गुणांक, म्हणजे पडलेल्या पाण्यातला वाहून जाणारा वाटा, ०.९ धरला, म्हणजे वीस हजार लिटरच्या वर पाणी जाळीत. हीच जागा वाळूमिश्रित मातीची आणि गवताची असती तर यातलं फार थोडं वाहून गेलं असतं. पावसाच्या तीव्रतेला क्षेत्र आणि गुणांकाने गुणायची ही पद्धत आयर्लंडमधल्या मुल्व्हनी यांनी १८५० च्या सुमारास मांडली आणि अमेरिकेत क्विचलिंग यांनी १८८९ मध्ये रुळवली. छोट्या क्षेत्रासाठी आजही तीच वापरतात.

तासाला ५० मिलिमीटर या वेगाची सर धरली तर कोपऱ्यात सेकंदाला साधारण ११ लिटर पाणी येईल. पाणी बागेत वळावं म्हणून कर्बमध्ये, म्हणजे पार्किंगच्या कडेच्या उंच काठात, किती रुंद फट ठेवायची ते ठरवायला हा आकडा लागणार.

२३ फेब्रुवारी

जाळीखालचं चेंबर उघडलं. तळाशी जवळपास वीतभर काळा गाळ होता. मूठभर उचलून बोटांत चोळला. वरवर चिखल वाटतो, पण आत खरखरीत वाळू, पानांचे कुजके तुकडे, सिगारेटची थोटकं आणि बारीक, लवचिक काळे कण सापडले. ते काळे कण रबराचे. टायर झिजतात ते हवेत विरून जात नाहीत, ते इथे येऊन बसतात.

रबराबद्दल थोडं सविस्तर लिहून ठेवते, कारण बैठकीत हा प्रश्न येणारच. अमेरिकेच्या वायव्य भागात कोहो जातीचे सॅमन मासे अंडी घालायला शहरी ओढ्यांत परतत आणि पाऊस पडला की काही तासांत मरत. कारण बरीच वर्षं कळत नव्हतं. २०२० मध्ये संशोधकांनी ते पकडलं. टायर ओझोनने तडकू नयेत म्हणून रबरात ६पीपीडी नावाचं रसायन घालतात. त्याचा ओझोनशी संयोग होऊन ६पीपीडी-क्विनोन तयार होतं आणि ते या माशांना अत्यल्प प्रमाणातही मारक ठरतं. आमच्या कामाला जास्त जवळची गोष्ट त्याआधीची, २०१५ ची आहे. मारक रसायन कोणतं हे माहीत नसतानाच रस्त्यावरचं तेच पाणी वाळू, कंपोस्ट आणि सालीच्या थरांतून गाळून माशांना दिलं, आणि मासे जगले. पाण्यात नेमकं काय काय आहे याची पूर्ण यादी हाताशी नसली तरी माती बरंच काही धरून ठेवते. या प्रकल्पाचा माझा सगळा भरवसा या एका गोष्टीवर आहे.

बाकीची यादी लहान नाही. ब्रेकच्या पॅडमधून तांबं, जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यांतून आणि टायरमधून जस्त, इंजिनाचं गळकं तेल, हिरवळीवर टाकलेलं जास्तीचं खत, कुत्र्यांची विष्ठा. तांब्याचा उगम बंद करता येतो. कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन राज्यांनी २०१० मध्ये कायदा करून ब्रेक पॅडमधलं तांबं टप्प्याटप्प्याने जवळपास संपवायला लावलं. तेवढं आपल्या हातात नसतं. आपल्या हातात हा कोपरा आहे.

४ मार्च

झिरपचाचणी. बाग जिथे घ्यायची तिथे तळाच्या पातळीपर्यंत खड्डा घेतला. आदल्या दिवशी तो पाण्याने भरून ठेवला होता. कोरडी माती सुरुवातीला अधाशासारखी पाणी पिते आणि आकडा खोटा मोठा येतो, म्हणून माती आधी तृप्त करून घ्यावी लागते. आज पुन्हा भरला, कडेला मोजपट्टी रोवली आणि दर अर्ध्या तासाने वाचन घेतलं. सुरुवातीला पाणी भराभर उतरलं, मग वेग मंदावला आणि तासाला १८ मिलिमीटरवर स्थिरावला. हिशेबात हाच आकडा घ्यायचा.

१८ म्हणजे मध्यम. तासाला पाच-सात आला असता तर खाली सच्छिद्र पाइप टाकून पाणी बाहेर काढण्याची सोय करावी लागली असती. खडक किंवा भूजल जवळ आहे का तेही पाहिलं. खड्ड्याच्या तळाखाली पहार मीटरभर सहज गेली आणि ओल लागली नाही. इमारतीच्या पायापासून अंतर भरपूर आहे, विहीर जवळपास नाही. इंधन भरण्याची किंवा गाड्या दुरुस्तीची जागा असती तर इथे पाणी मुरवायचा विचारच केला नसता. तसलं पाणी जमिनीत घातलं की ओढ्याचं दुखणं भूजलाला लागतं.

११ मार्च

आराखडा ठरला. ६० चौरस मीटरची उथळ पर्जन्यबाग. वर १५ सेंटीमीटर पाणी उभं राहील, त्याखाली ६० सेंटीमीटर गाळणमाती, त्याखाली २० सेंटीमीटर खडी. उभं पाणी नऊ घनमीटर. मातीच्या पोकळ्या २० टक्के धरल्या तर सव्वासात घनमीटरच्या जवळ, खडीच्या पोकळ्या ४० टक्के धरल्या तर पावणेपाचच्या वर. एकूण २१ घनमीटर, म्हणजे २५ मिलिमीटर पावसाचं सगळं पाणी सामावतं. १८ मिलिमीटरच्या वेगाने ते वीसेक तासांत मुरेल.

डासांचा प्रश्न पहिल्याच बैठकीत आला आणि तो रास्त आहे. उष्ण हवेतही डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत आठवडाभर तरी लागतो. पाणी दिवसभरात जिरलं तर अळ्यांना तेवढी मुदतच मिळत नाही. तीन दिवसांनंतरही पाणी दिसलं तर ती बाग बिघडली असं समजायचं, हे फलकावर लिहिणार आहे.

मोठं तळं खोदावं, सगळं पाणी एकदम तिथे घ्यावं, असं एका सदस्याचं म्हणणं होतं. त्यावर दाणे किती वेगाने तळाला बसतात याचा हिशेब मांडला. ०.१ मिलिमीटरचा वाळूचा कण स्थिर पाण्यात मीटरभर खाली जायला दोनेक मिनिटं घेतो. ०.०१ मिलिमीटरचा पोयट्याचा कण तीन तास. हजारांश मिलिमीटरचा चिकणमातीचा कण दोन आठवड्यांच्या आसपास. जड धातू आणि फॉस्फरस मोठ्या प्रमाणात या बारीक कणांनाच चिकटून येतात. नुसतं पाणी थांबवून वाळू बसेल, पण बारीक कणांसाठी पाणी मातीतून जावंच लागतं. तळी कुठे लागतच नाहीत असं नाही, पण इथे गाळण हवी.

मोठ्या कामांबद्दल आदर आहेच. लंडनने थेम्समध्ये ओसंडणारं सांडपाणी-पावसाचं मिश्रण अडवायला नदीखालून २५ किलोमीटरचा बोगदा खणला आणि २०२५ मध्ये तो पूर्ण जोडला. तिथल्या जुन्या वाहिन्या एकत्र आहेत, त्यांना दुसरा मार्ग फारसा नव्हता. तरीसुद्धा जिथे पाणी पडतं तिथेच ते थोपवलं तर खालच्या प्रत्येक वाहिनीवरचा भार उतरतो. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत मेरीलँडमधल्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीने अशा मातीच्या बागा रचून वापरायला घेतल्या त्या याच विचाराने.

२६ मार्च

खोदाई सुरू. मुकादमांना पहिली विनंती केली ती यंत्र बागेच्या आत न उतरवण्याची. बाहेर उभं राहून हात पोचेल तेवढंच खोदायचं. चाकांच्या वजनाने तळ दाबला गेला की झिरपचाचणीतला १८ चा आकडा कागदावरच राहतो. मुकादम म्हणाले, "ताई, मधला पट्टा हाताने काढावा लागेल, दोन दिवस जास्त जातील." जाऊ देत. तळ गाठल्यावर सगळीकडे पहारीने माती सैल करून घेतली.

बाजूला बांधकामाची उघडी माती आहे, तिच्याभोवती कापडी आडोसा आणि गवताच्या पेंढ्या लावल्या. उघड्या मातीवरून एका सरीत जेवढा गाळ येतो तेवढा एरवी पार्किंगवरून वर्षभरातही येत नसेल. वरची माती झाकली जात नाही तोवर बागेचं तोंड बंद ठेवायचं, असं सर्वांना सांगून ठेवलं आहे.

९ एप्रिल

गाळणमाती भरली. आकारमानाने सात वाटे स्वच्छ धुतलेली जाडसर वाळू, दोन वाटे माती, एक वाटा पानांचं मुरलेलं खत. खत वाढवा, झाडं चांगली येतील, असा आग्रह बऱ्याच जणांचा होता. बागेसाठी तो बरोबर आहे, ओढ्यासाठी नाही. खत जास्त झालं की त्यातलाच फॉस्फरस आणि नायट्रोजन पाण्याबरोबर निघून जातो आणि गाळण म्हणून केलेली जागाच शेवाळाला खाद्य पुरवायला लागते. इथे लावलेली झाडं सुरुवातीला थोडी हडकुळी दिसली तर चालतील.

माती आणि खडी यांच्यामध्ये कापड घातलं नाही, बारीक खडीचा थर दिला. कापडाची छिद्रं बारीक गाळाने बुजतात आणि मग वरून काही दिसत नाही, नुसतं पाणी तुंबतं.

माती थरांत भरली, पण धुमसून नाही. प्रत्येक थरावर पाणी शिंपडून तिला आपोआप बसू दिलं.

२० एप्रिल

लागवड. खोल मुळांचं गवत मधोमध, कडेला ओल आणि कोरड दोन्ही सोसणारी झुडपं. दलदलीतली झाडं इथे टिकत नाहीत, कारण ही जागा बहुतेक काळ कोरडी असते. मुळं जुनी होऊन मरतात तेव्हा त्यांच्या जागी बारीक नळ्या उरतात आणि पाणी त्यांतून उतरतं, त्यामुळे लागवड दाट हवी. वर लाकडाच्या जाड ढलप्यांचं आच्छादन. बारीक भुसा तरंगून सांडव्याच्या जाळीवर जाऊन बसतो.

२ मे

टँकरच्या पाण्याने चाचणी. पावसाची वाट पाहण्यापेक्षा हे बरं, कारण नळीचा वेग आपल्या हातात राहतो. वरच्या टोकाला पाणी सोडलं. संथ धार कर्बच्या फटीतून व्यवस्थित आत वळली. धार वाढवली तशी ती फटीसमोरून सरळ निघून जुन्या जाळीकडे धावली. उताराच्या दिशेने वेगात आलेलं पाणी आपणहून काटकोनात वळत नाही. फटीसमोरचं डांबर कापून तिथे पाच सेंटीमीटर खोल बशीसारखा उतार केला आणि फट ९० सेंटीमीटर रुंद केली. पुन्हा जोरात पाणी सोडलं, आता सगळं आत येतं.

पाणी आत पडतं तिथे दगडांची छोटी हौद-चौकट केली आहे, म्हणजे धारेचा जोर तिथेच मोडेल आणि वाळू-कचरा तिथेच बसेल. पुढच्या सगळ्या देखभालीचं मर्म या चौकटीत आहे. फावड्याने साफ होते, बाग उकरावी लागत नाही.

सांडव्याच्या चेंबरचं तोंड बागेतल्या मातीच्या वर १५ सेंटीमीटरवर आहे. त्याहून जास्त पाणी जुन्या पाइपातूनच जाईल. मोठ्या पावसाचं सगळं पाणी धरायचा दावा आम्ही कुठेच केलेला नाही.

११ जून

पहिला पाऊस दुपारी आला. छत्री घेऊन फटीशी उभी राहिले. सुरुवातीच्या थेंबांनी धूळ नुसती भिजली. मग कडेने तपकिरी पाण्याची जीभ पुढे सरकत आली, वर फेस, फेसात थोटकं, आणि पाण्यावर तेलाचा इंद्रधनुषी तवंग. दगडांच्या चौकटीत ते पाणी घोटाळलं. पहिली बाटली तिथे भरली तेव्हा पाणी काळपट होतं. अर्ध्या तासाने भरलेली बाटली जवळपास स्वच्छ. कपड्यांच्या पहिल्या पिळ्यात मळ निघावा तसा डांबराचा मळ पहिल्या पाण्यात निघतो. लहान, फरसबंद क्षेत्रात हे ठळक दिसतं. क्षेत्र मोठं असलं की निरनिराळ्या कोपऱ्यांतलं पहिलं पाणी निरनिराळ्या वेळी पोचतं आणि हा फरक पुसट होतो. पाणी उगमाशी अडवण्याच्या बाजूचा हा सर्वात भक्कम मुद्दा आहे.

सांडव्यातून आज थेंबही गेला नाही. पाण्याची उंची मोजपट्टीवर चार सेंटीमीटरपर्यंत चढली आणि रात्री पाहिलं तर जिरलेली होती.

२९ जून

जोराचा पाऊस, बराच वेळ. बाग पूर्ण भरून सांडवा वाहिला. फटीशी आणि सांडव्याशी एकाच वेळी नमुने घेतले आणि पारदर्शक नळीत तपासले. तळाशी काळी-पांढरी चकती असते, ती दिसेनाशी होईपर्यंत पाणी ओतायचं आणि उंची वाचायची. उंची जास्त म्हणजे पाणी जास्त नितळ. फटीशी ९ सेंटीमीटर, सांडव्याशी २८. दिसण्यातला फरक एवढा असला तरी विरघळलेलं तांबं-जस्त नळीत दिसत नाही, त्यासाठी नमुने प्रयोगशाळेत पाठवले आहेत. अहवाल हाती येईपर्यंत त्याबद्दल कुणाला काही सांगायचं नाही.

ओढ्यावरही गेले. आमच्या पाइपाखालचा काठ पूर्वी पाण्याच्या धारेने खरवडून आत गेलेला आहे, झाडाची मुळं उघडी पडली आहेत. ओढ्याचं नुकसान फक्त घाणीने होत नाही. फरसबंदीवरून धावत, एकदम आणि जास्त आलेलं पाणी काठ कापतं आणि ती कापलेली मातीच पुढे गढूळपणा होते. टॉम श्यूलर यांनी १९९४ मध्ये अनेक अभ्यास एकत्र मांडून दाखवलं होतं की पाणलोटाचा साधारण १० टक्के भाग फरसबंद झाला की ओढ्याची तब्येत ढासळायला लागते. इथलं प्रमाण त्याच्या कितीतरी पुढे गेलेलं आहे. एका बागेने ते भरून येणार नाही, म्हणूनच पुढच्या जागा शोधणं थांबवायचं नाही.

२० जुलै

दगडांची चौकट साफ केली. तीन घमेली भरून गाळ निघाला, जवळजवळ सगळी वाळू आणि पानं. हा गाळ बागेच्या कडेला पसरायचा नाही, तेल आणि धातू त्यातच आहेत. पिशव्यांत भरून कचरा व्यवस्थेकडे रीतसर दिला.

पानांबद्दल पार्किंगच्या सफाईवाल्यांशी बोलले. पानं झाडून जाळीत ढकलायची सवय सगळीकडे आहे, कारण जाळी जवळ असते. अमेरिकेतल्या मॅडिसन शहरात केलेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. झाडांखालच्या रस्त्यांवरून वर्षभरात वाहणाऱ्या एकूण फॉस्फरसपैकी ५६ टक्के पानगळीच्या काळातला निघाला, आणि पाऊस येण्याआधी पानं नीट उचलली तेव्हा तोच वाटा १६ टक्क्यांवर आला. नुसत्या झाडूने एवढा फरक पडतो. एक दादा म्हणाले, "मग तसं सांगा ना, आम्ही पावसाच्या आधी झाडतो, नंतर काय झाडायचं." कोपऱ्यात पानं टाकायला मोठी पेटी ठेवायचं ठरलं. ढकलणं सोपं आहे तोवर लोक ढकलणारच, म्हणून पेटी जाळीपेक्षा जवळ हवी.

१४ ऑगस्ट

तिसरा पाइप आज कोरडा. वरच्या बाजूला धुण्याच्या जागेची मोरी पावसाळी चेंबरात सोडलेली सापडली. रंगीत पाणी टाकून पाहिल्यावर काही मिनिटांत ते ओढ्यात उतरलं, त्यामुळे वादाला जागाच उरली नाही. जोडणी आता सांडपाण्याच्या वाहिनीला वळवली आहे. दगडांवरचा करडा थर अजून आहे, पण पातळ झाला आहे.

३० ऑगस्ट

देखभालीची वही बागेशेजारच्या पेटीत ठेवली. प्रत्येक मोठ्या पावसानंतर पाहायच्या गोष्टी: चौकटीत गाळ किती, फट मोकळी आहे का, दुसऱ्या दिवशी पाणी उभं आहे का. वर्षातून एकदा झिरपचाचणी, त्याच जागी, त्याच पद्धतीने. वेग तासाला दहाच्या खाली गेला तर वरची पाच सेंटीमीटर माती काढून नवी घालायची. बंद पडलेल्या बहुतेक बागा वरच्या थरात बुजतात, खाली नाही.

पुढची जागा इमारतीमागची. छताच्या दोन पन्हळी तिथे थेट चेंबरात उतरतात. पाणी तुलनेने स्वच्छ आहे, पण छपराचा पत्रा जस्ताच्या मुलाम्याचा आहे, त्यामुळे आधी जस्त तपासायचं. पहार तिथे ७० सेंटीमीटरवर खडकाला लागली. मुरवणं जमणार नाही. वर गाळणमाती, खाली खडीत सच्छिद्र पाइप, आणि पाइपाचं तोंड थोडं उंच, म्हणजे तळाला पाणी साठून नायट्रेट कमी व्हायला अवसर मिळेल. पातळ्या सोमवारी घ्यायच्या, नळी मुकादमांकडे आहे.